कविता तिची, पैसे कुणाचे?

हिवाळ्यातली रात्र. मृग नक्षत्र अजून आकाशात लखलखतंय, बाहेर पाऊस नाहीतर बर्फ, आणि काही बायका एका मोठ्या घराच्या दाराशी उभ्या राहून हाका मारतायत. आतली मोलकरीण आदल्या दिवसाच्या कामाने इतकी मेलीय की तिला जागच येत नाही, आणि ह्या बाहेर कुडकुडतायत. आत जायचंय ते कशाला, तर धुणं धुवायला.

हा सीन १७३९ साली छापलेल्या एका इंग्रजी कवितेतला आहे आणि ती लिहिणारी बाई स्वतः त्या दारात उभी राहणाऱ्यांपैकीच एक होती. मेरी कोलियर तिचं नाव, गाव पीटर्सफील्ड, दक्षिण इंग्लंडातल्या हॅम्पशर परगण्यातलं, आणि धंदा लोकांच्या घरी धुणंभांडी. शाळेत कधी गेलीच नाही, वाचायला घरीच शिकली.

आता अठराव्या शतकातल्या ब्रिटिश कवयित्री म्हटलं की इंग्रजी लिटरेचर घेऊन एमए केलेल्यांनाही पटापट नावं आठवत नाहीत, कारण सिलॅबसमध्ये अलेक्झांडर पोप हा कवी असतो, स्विफ्ट असतो, मग गाडी जी सुटते ती थेट शतकाच्या अखेरच्या वर्ड्सवर्थला थांबते. मधे बायका लिहीतच नव्हत्या असं वाटावं. पण ढिगाने लिहीत होत्या. १९८९ मध्ये रॉजर लॉन्सडेल यांनी ऑक्सफर्डकडून फक्त त्या शतकातल्या कवयित्रींचा संग्रह काढला त्यात शंभराहून जास्त जणी निघाल्या, सरदार घराण्यातल्यांपासून मोलकरणींपर्यंत. एवढी नावं एकदम अंगावर आली की काहीच डोक्यात राहत नाही, निदान माझ्या तरी राहिलं नाही. मला हे सगळं उलगडायला लागलं ते कवितेच्या जोडीने हिशोबाची वही उघडल्यावर, म्हणजे ही लिहीत होती तेव्हा घरातलं काम कोण करत होतं, पुस्तक छापायला पैसे कुणी दिले, आणि विकल्यावर आलेले पैसे कुणाच्या खिशात गेले. त्यामुळे शंभर जणी बाजूला ठेवू, चार-पाच जणी नीट बघू.

कोलियरबाईंची कविता हे मुळात भांडण आहे. झालं असं की विल्टशर परगण्यात स्टीफन डक नावाचा एक शेतमजूर होता, काठीने धान्य झोडपून मळणी करायचं काम करणारा. त्याने मळणीच्या कष्टांवर एक लांबलचक कविता लिहिली, ती १७३० मध्ये छापली गेली आणि गडी एकदम फेमस झाला. मजूर असून कविता करतो याचं लोकांना इतकं अप्रूप की राणी कॅरोलाइनने त्याला वर्षाला ३० पौंड बांधून दिले आणि राहायला घर दिलं. कविता चांगलीच आहे, त्यात धूळ आहे, घाम आहे, मालकाच्या शिव्या आहेत. पण गवत वाळवायच्या हंगामात बायका शेतावर येतात तो भाग आला की साहेबांचा सूर बदलतो. ह्या बायका नुसत्या बडबडतात, जीभ चालते तसे हात चालले असते तर किती काम झालं असतं, आणि पावसाचे दोन थेंब पडले की चिमण्यांच्या थव्यासारख्या कुंपणाकडे पळतात, वगैरे.

कोलियरला डकच्या कविता आवडायच्या, तिच्या तोंडपाठ होत्या. म्हणून तर जास्त झोंबलं असणार. तिने उत्तर लिहिलं, त्याचं नाव ‘द वुमन्स लेबर’, आणि खाली सरळ ‘मिस्टर स्टीफन डक यांना पत्र’.

वाचताना एक तांत्रिक गोष्ट माहीत असली की मजा दुप्पट होते. त्या काळी इंग्रजीत जोड-ओळींची फॅशन होती. प्रत्येक ओळीत साधारण दहा अक्षरं, पाच ठोके, आणि दोन-दोन ओळींचं आपसात यमक. पोपने हा प्रकार इतका घासूनपुसून लखलखीत केला होता की शिकलेली माणसं बोलतानाही त्याच चालीत टोमणे मारत असावीत असं वाटतं. भांडणाला हा फॉर्म एकदम सोयीचा, कारण पहिल्या ओळीत समोरच्याचं म्हणणं घ्यायचं आणि दुसऱ्या ओळीत यमकासकट त्याच्याच अंगावर टाकायचं.

डकने लिहिलं होतं की आम्हाला झोपेतही सुटका नाही, स्वप्नातसुद्धा दिवसभरचं काम परत करावं लागतं. त्यावर कोलियरची जोडी बघा, पहिली ओळ संपते ‘एक्स्ट्रीम’ वर आणि दुसरी ‘ड्रीम’ वर, अर्थ असा की आमचे कष्ट रोजचे इतके टोकाचे आहेत की स्वप्न पडायला मुळात वेळच मिळत नाही. संपला विषय! तो रडतोय की स्वप्न वाईट पडतं, ही म्हणतेय की बाबा, तुला झोप तरी लागते. आम्ही रात्री पोरांची रडारड काढतो.

मग ती दिवसाचा हिशोबच मांडते. शेतावर जाताना तान्ही पोरं बरोबर न्यायची, आपल्याच कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवायची आणि आजूबाजूला सरवा वेचायचा. संध्याकाळी घरी पळत यायचं, कारण नवरा यायच्या आत डुकराचं मांस आणि पिठाचे गोळे शिजले पाहिजेत, अंथरुणं घातली पाहिजेत, डुकरांना खायला गेलं पाहिजे, टेबल मांडून दारात वाट बघत उभं राहायचं. तो येणार, जेवणार, झोपणार. सकाळी परत त्याचं आवरा, पोरांचं आवरा, फाटकं शिवा, आणि शेतावर चला.

हे झालं उन्हाळ्याचं. हिवाळ्यात शेतात काम नसतं तेव्हा धुणं, आणि हा भाग मला कवितेतला सगळ्यात जबरदस्त वाटतो. ढीगच्या ढीग कपडे, त्यात तलम तागाचे, मलमलीचे (मलमल म्हणजे तेव्हा बराचसा आपल्या बंगालातून गेलेला माल), लेस, झालरी, सगळं हळुवार हाताने धुवायचं, फाटता कामा नये. उष्णतेने आणि घासून घासून मनगटांवरून, बोटांवरून घामच काय रक्तसुद्धा ओघळतं, तरी हात थांबवायचे नाहीत. मग मालकीणबाई येतात. हातात कदाचित बिअरचा एक मग, तुम्हाला हुशारी यावी म्हणून. पण खरं कारण किती काम झालं ते बघायचं असतं. मळ राहू देऊ नका, झालर फाडू नका, साबण जपून, जळण जपून, खर्च किती वाढलाय बघा, आणि हो, मागच्या वेळेपेक्षा कपडे कमी दिसतायत. हे शेवटचं वाक्य कुठल्याही गावच्या, कुठल्याही शतकातल्या मालकीणबाईंच्या तोंडी चपखल बसेल. आणि धुणं संपतंय तोवर भांडी येतात, पातेली, कढया, झारे, डाव.

एवढ्याचे मिळायचे सहा पेनी नाहीतर आठ पेनी. तेव्हा एका पौंडाचे २४० पेनी, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डकने शेवटी स्वतःला सिसिफसची उपमा दिली होती, तो ग्रीक गोष्टीतला माणूस, डोंगरावर धोंडा ढकलत नेतो आणि धोंडा परत खाली येतो. कोलियर म्हणते तू सिसिफस असशील तर आम्ही डॅनॉसच्या मुली, ज्यांना शिक्षा म्हणून बूड नसलेल्या पिंपांत पाणी भरत बसावं लागतं. आता ही उपमा नुसती विद्वत्ता दाखवायला आणलेली नाहीये, जी बाई आयुष्यभर पिंपांत पाणी भरून धुणं धुतेय तिने ती निवडलीय. डकने धोंडा उचलला, हिने बरोबर आपल्या रोजच्या कामाचं भांडं उचललं.

पुस्तकाचं काय झालं? ती ज्या घरी कामाला जायची तिथल्या लोकांना तिने कविता म्हणून दाखवली, गावभर बोभाटा झाला, लोकांनी छाप म्हणून मागे लकडा लावला, शेवटी तिने स्वतःच्या खर्चाने छापली. पुढच्या एका आवृत्तीत गावातल्या काही लोकांच्या सह्यांचं सर्टिफिकेट जोडावं लागलं की होय, ही कविता ह्याच बाईने लिहिलीय. नंतर तिने स्वतःच लिहून ठेवलंय की माझं काही बुडलं नाही, पण फार काही मिळालंही नाही, नफा दुसरेच घेऊन गेले. ६३ वर्षांची होईपर्यंत धुणंच धुतलं, मग काही वर्षं ऑल्टन गावाकडे एक शेतावरचं घर सांभाळलं, सत्तरीत अंग चालेना तेव्हा माळ्यावरच्या एका खोलीत राहिली. डकला राणीने ३० पौंड दिले, त्याला उत्तर देणारीला कुणी काही दिलं नाही. (डकचंही पुढे काही बरं झालं नाही म्हणा, तो शिकून पाद्री झाला आणि १७५६ मध्ये त्याने पाण्यात बुडून जीव दिला.)

वरच्या वर्गातल्या बायकांचा प्रॉब्लेम वेगळा होता. त्यांना वेळ होता, कागद होता, पण नाव छापून बाजारात विकणं घरंदाज बाईला शोभत नाही असं समजलं जायचं. ॲन फिंच ही सरदारीण, १७१३ मध्ये तिचं पुस्तक आलं तेव्हा सुरुवातीला त्यावर कवयित्रीचं नाव नव्हतं, नुसतं ‘एका बाईने लिहिलेलं’. आणि बाईने लेखणी हातात घेतली की तिला पुरुषांच्या हद्दीत घुसखोरी करणारी समजतात असं जिथे तिने उघड म्हटलंय, ती कविता तर हयातीत छापलीच नाही. लेडी मेरी वर्टली मॉंटेग्यू, जिने तुर्कस्तानात बघून आल्यावर इंग्लंडात देवीच्या फोडातला पू टोचून रोग टाळायची पद्धत लोकांच्या गळी उतरवली तीच, तिच्या कविता हस्तलिखितातून मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे फिरायच्या. तिची आणि पोपची भांडणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे नको.

मेरी लीपोर मात्र घेतलीच पाहिजे. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या माळ्याची मुलगी, स्वयंपाकघरात कामाला, आणि १७४६ मध्ये वयाच्या २४ व्या वर्षी गोवराने गेली. तिच्याबद्दल एक आठवण नंतर छापून आली होती की मांस भाजायची शीग फिरवणारं यंत्र बंद पडलेलं, मांस करपतंय, आणि ही बाजूला कविता खरडत बसलीय. मालकाच्या बाजूने विचार केला तर वैताग आहे खरा. तिची सगळी लायब्ररी सोळा-सतरा पुस्तकांची, त्यात पोप आणि ड्रायडन, आणि तेवढ्यावर ही पोरगी पोपच्या जोड-ओळी त्याच्याच ऐटीत लिहिते.

तिची ‘क्रंबल हॉल’ ही कविता समजायला एक पार्श्वभूमी लागते. मोठ्या जमीनदाराच्या वाड्याचं कौतुक करणारी कविता हा इंग्रजीतला जुना, ठरलेला प्रकार, म्हणजे दिवाणखाना केवढा, मालक दिलदार किती, बागेत झाडं कशी. लीपोर तसाच वाडा दाखवायला निघते पण बरोबर असते ती मोलकरणीची नजर, त्यामुळे आपण जिने चढतो, अडगळीतून जातो आणि मग स्वयंपाकघरात येतो. तिथे रॉजर नावाचा गडी गोमांस, कोबी आणि पिठाचे गोळे ठासून टेबलावर डोकं टाकून घोरतोय (तो गोळा त्याच्या डोक्याचीच खूण आहे असं ती मधेच म्हणून टाकते) आणि त्याच्यावर जीव टाकणारी अर्सुला एकीकडे भांडी घासत एकीकडे विरहाचं भाषण ठोकतेय. दुसऱ्या एका कवितेत ती सरळ लिहिते की बाई म्हणजे मोकळी फिरणारी गुलाम. तिचं पुस्तक आलं १७४८ मध्ये, ती गेल्यावर, आणि पैसे वडिलांना मिळावेत म्हणून.

ते कसं आलं ते सांगतो, कारण ह्या पद्धतीशिवाय गरीब बायकांची पुस्तकं निघालीच नसती. आपल्याकडे प्रकाशनपूर्व नोंदणी असते ना, पुस्तक यायच्या आधी पैसे भरून नाव नोंदवायचं, तेच. तेव्हा भरणाऱ्यांची नावं पुस्तकात पुढे छापायचे, ड्यूक, डचेस, बिशप असे पदानुसार. आता लॉर्डसाहेबांच्या शेजारी आपलं नाव छापून येणार म्हटल्यावर कविता न वाचणारेही पैसे देणारच. पण नावं गोळा करायला ओळखी लागतात, त्या मोलकरणीकडे नसतात, त्यामुळे मधे कुणीतरी मोठी बाई लागते. आणि मोठी बाई मधे आली की कविता तिची असली तरी सूत्रं हिच्या हातात.

हे सगळ्यात भयंकर पद्धतीने घडलं ते ब्रिस्टलमध्ये. ॲन यर्सली, दूध विकणारी, १७५३ चा जन्म. १७८३-८४ चा हिवाळा फार कडक गेला, तिच्या घरात खायला नव्हतं, पोरं लहान, कुटुंब मरायला टेकलेलं. ही बाई डुकरासाठी खरकटं न्यायला ज्या घराच्या मागच्या दाराशी यायची ते घर होतं हॅना मोर यांचं, तेव्हाच्या नामांकित लेखिका. स्वयंपाकीणबाईने मोरना सांगितलं की ही खरकटं नेणारी कविता करते. मोरनी वाचलं, आवडलं, आणि मग खरोखर जीव तोडून काम केलं, स्पेलिंग दुरुस्त केली, शेकडो पत्रं लिहिली, लंडनच्या श्रीमंत एलिझाबेथ मॉंटेग्यूंना (ह्या वेगळ्या, वरच्या लेडी मेरी नव्हेत) आणलं, हजाराहून जास्त नावं जमवली. १७८५ मध्ये पुस्तक आलं. यर्सली कवितेत स्वतःला ‘लॅक्टिला’ म्हणायची, लॅटिनमधल्या दुधाच्या शब्दावरून.

पैसे जमले सुमारे ३५० पौंड. आता मगाचा हिशोब काढा. ३५० पौंड म्हणजे ८४,००० पेनी. कोलियरच्या आठ पेनी रोजाने एवढे मिळवायला एकही सुट्टी न घेता अठ्ठावीस वर्षांवर धुणं धुवावं लागलं असतं. (दोघींमध्ये चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं अंतर आहे, पण अंदाज यावा म्हणून.)

हे पैसे यर्सलीच्या हातात आलेच नाहीत. मोर आणि मॉंटेग्यूंनी ट्रस्ट केला, दोघी ट्रस्टी, मुद्दल गुंतवलेलं, यर्सलीला फक्त व्याज, वर्षाला साधारण १८ पौंड. आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेत मोरनी लिहिलं की हिला इतकं स्वतंत्र करायचा आमचा इरादा नाही की ही कवितेच्या रिकामटेकडेपणात वेळ घालवेल, बायको आणि आई म्हणून हिची जी कर्तव्यं आहेत त्यातलं अगदी छोटंसं कामही हिच्या उत्तमातल्या उत्तम कवितेपेक्षा मोलाचं आहे. तिच्याच पुस्तकात, पहिल्या पानांत, छापून! मला तर हे वाचताना यर्सलीच्या जागी कानातून वाफ आली.

पण मोरची बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण त्यात एक कायद्याची पाचर आहे. त्या काळच्या इंग्लिश कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईचं वेगळं आर्थिक अस्तित्वच नव्हतं. तिने कमावलेलं, तिला मिळालेलं, सगळं नवऱ्याचं. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. म्हणजे यर्सलीच्या हातात पैसे देणं म्हणजे कायद्याने तिच्या नवऱ्याच्या हातात देणं, आणि ट्रस्ट केला तर तिच्याही हातात नाहीत. यर्सलीचं म्हणणं फार काही नव्हतं, मलाही ट्रस्टी करा आणि पोरं मोठी झाली की त्यांना सारखे वाटे द्या. मोरना हा कृतघ्नपणा वाटला, जोरदार फाटलं. शेवटी मोरनी अंग काढून घेतलं आणि पैसे यर्सलीकडे आले. यर्सलीने पुढच्या आवृत्तीत आपली बाजू स्वतः लिहून छापली, १७८७ मध्ये मोरशिवाय दुसरं पुस्तक काढलं, तिचं नाटक रंगमंचावर आलं, आणि १७९३ मध्ये ब्रिस्टलच्या हॉटवेल्स भागात पैसे भरून पुस्तकं न्यायची लायब्ररी काढली. दूधवालीची लायब्ररी. एकच नंबर.

१७८८ मध्ये गंमत अशी की दोघींनीही गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एकेक लांब कविता छापली. यर्सलीची जास्त अंगावर येते. ब्रिस्टल हे त्या व्यापारावर गब्बर झालेलं बंदर, आणि ती कविता सुरूच होते ब्रिस्टललाच हाक मारून, म्हणजे ज्यांना दूध घालायचं त्याच गावाला. मग ल्यूको नावाच्या तरुण गुलामाची गोष्ट, तो मुकादमावर हात उचलतो आणि त्याला जिवंत जाळतात.

शार्लट स्मिथ ह्या गरीब घरातल्या नव्हत्या, पण त्यांचा हिशोब वाचून तर हसावं की रडावं कळत नाही. सोळाव्या वर्षाच्या आतच लग्न लावून दिलं, नवरा उधळ्या, बारा पोरं. सासऱ्यांकडे बक्कळ पैसा (त्यातला काही बार्बाडोसच्या मळ्यांवरचा, म्हणजे गुलामांच्या घामाचा). त्यांना माहीत होतं की पोरगा उडवणार, म्हणून नातवंडांना पैसे जावेत असं मृत्युपत्र केलं, पण वकील न घेता स्वतःच लिहिलं, आणि त्यातल्या घोळामुळे जी केस उभी राहिली ती १७७६ मध्ये ते गेल्यापासून १८१३ पर्यंत चालली. शार्लट १८०६ मध्ये गेल्या. दोन मुलं नोकरीसाठी कंपनीच्या बंगालात निघून गेली, केस चालूच.

१७८४ मध्ये नवरा कर्जापायी लंडनच्या तुरुंगात होता, काही काळ त्याही तिथे त्याच्याबरोबर राहिल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी सुनीतांचं छोटं पुस्तक काढलं. सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता, आपल्याकडे केशवसुतांनी रुजवली ती. इंग्रजीत तोवर हा प्रकार जवळजवळ अडगळीत गेला होता. स्मिथबाईंनी त्यात समुद्र, चंद्र, ससेक्सचे डोंगर आणि स्वतःची उदासी भरली आणि पुस्तक इतकं चाललं की आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुढे त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, कादंबऱ्या लिहून पोरं पोसली, आणि तरीही त्यांच्या कमाईवर कायद्याने हक्क नवऱ्याचा, आणि तो येऊन मागायचाही. तरुण वर्ड्सवर्थ १७९१ मध्ये फ्रान्सला जाता जाता त्यांना भेटून गेला होता. म्हातारपणी त्याने लिहिलं की इंग्रजी कवितेवर ह्या बाईचे जेवढे उपकार आहेत तेवढे कुणी मान्य करणार नाही की लक्षात ठेवणार नाही. सिलॅबसमध्ये तो आहे, त्या नाहीत, म्हणजे म्हातारा बरोबर बोलला.

आता परत धुण्याकडे. १७९७ मध्ये ॲना बार्बोल्ड यांची ‘वॉशिंग डे’ छापून आली. ह्या शिकलेल्या घरातल्या, वडील शिक्षक, यमक सोडून मोकळ्या ओळींत लिहितात आणि धुण्याच्या दिवसाचं वर्णन एखाद्या महायुद्धासारखं करतात. सगळं घर तणावात, पावसाची भीती, चुकून त्या दिवशी पाहुणा आला तर त्याचे जेवायचे हाल. आणि मधे एक लहान मुलगी फिरतेय, बार्बोल्ड स्वतः, तिला कळत नाही की आज मोलकरणी गोष्टी का सांगत नाहीयेत आणि कुणी खाऊ का देत नाहीये. ती पाइपातून साबणाचे फुगे सोडते, त्यावरून कविता उडते ती थेट मॉंगोल्फिए बंधूंच्या फुग्यापर्यंत, ज्याने १७८३ मध्ये माणसं हवेत नेली होती. शेवटी म्हणतात की जमीन, हवा, आकाश, समुद्र सगळ्यांचे बुडबुडे असतात, आणि कविता त्यातलाच एक, सगळ्यात जास्त बुडबुडा तीच.

फार सुंदर आहे, हसवते पण. फक्त कोलियर वाचून झाल्यावर ही वाचली तर सुरुवातीची एक ओळ अडकते. भल्या पहाटे, घर झोपेत असताना, लाल हातांच्या धुणेवाल्या येतात आणि सगळ्यांची झोप उडवतात. बार्बोल्ड आतून बघतायत, म्हणून त्यांना दिसतं ते एवढंच, की हात लाल आहेत. कशाने झाले ते अठ्ठावन्न वर्षं आधी बाहेरून सांगून झालं होतं.